काडीमोड

"शिवगंगाबाईला कवाबी बघा, एक तर त्या येऊन राहिल्यात, न्हाई तर जाऊन राहिल्यात," असं त्यांची शेजारीण तुळजाबाई गल्लीभर सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. २००९ पासून पुढची सात वर्षं शिवगंगाबाईंचं निम्मं आयुष्य उदगीरला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दोन खोल्यांत गेलं आणि निम्मं अमेरिकेतल्या कोलंबस गावात. साडेपाच महिने इकडे, साडेसहा महिने तिकडे. कॅलेंडर घरी दोन होती, एक देव्हाऱ्याशेजारी आणि एक बॅगेत. दोन्हींवर एकाच तारखेला लाल गोल केलेला असायचा. ती परत जायची शेवटची तारीख.

कारण साधं होतं. त्यांच्याकडे अमेरिकेत कायम राहायचं कार्ड होतं. हे कार्ड नुसतं असून भागत नाही, तिथं राहावंही लागतं. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की विमानतळावर आडवेतिडवे प्रश्न विचारतात. वर्षाच्या वर राहिलं की कार्ड गेल्यात जमा.

शिवगंगाबाईंना स्वतःला त्या देशाची जराही ओढ नव्हती. मुलगा भीमाशंकर सत्त्याण्णव साली कॉम्प्युटरच्या कामाला गेला, तिथलाच नागरिक झाला आणि वडील वारल्यावर त्यानं आईला कार्ड काढून दिलं. पहिल्याच आठवड्यात त्या खिडकीपाशी उभ्या राहून सुनेला म्हणाल्या होत्या, "अगं, रस्त्यावर माणूसच दिसंना. समदे गेले कुठं?" महिनाभरानं त्यांनी मुलाला सांगून टाकलं की हे कार्ड ज्याचं त्याला देऊन टाक, मला उदगीरला सोड.

तेव्हा भीमाशंकरनं त्यांना समोर बसवून समजावलं. "अव्वा, आपल्याला रुद्राणीला इकडं आणायचंय का न्हाई? मी भाऊ म्हणून तिच्यासाठी अर्ज टाकला तर तिचा नंबर यायला बारा-तेरा वर्षं. तू आई म्हणून टाकलास तर सहा-सात. पण दोन अटी हायत. तिचा नंबर येईपर्यंत तुझं कार्ड जिवंत पाहिजे. आणि तिला नवरा नसला पाहिजे. एक तर बिनलग्नाची, न्हाई तर घटस्फोट झालेली."

"सुटलेलीच हाय की ती," शिवगंगाबाई म्हणाल्या.

भीमाशंकरनं पुढं काही विचारलं नाही. २००२ साली तो तिकडंच होता. 'रुद्राणीची काडीमोड झाली' एवढंच आईनं फोनवर सांगितलं होतं, आणि काडीमोड म्हणजे घटस्फोट हे कुणालाही कळतं. त्यानं फॉर्मवर 'घटस्फोटित' या चौकोनात खूण केली.

रुद्राणी ही शिवगंगाबाईंची धाकटी. ऐंशी सालचा जन्म. विसाव्या वर्षी तिला किल्लारीला दिली होती. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सरळ रांगा, एकासारखं एक घर. गुरुपाद नावाचा मुलगा, शाळेत शिपायाची नोकरी. माणसं देवभोळी, रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाणी न घेणारी. पण गुरुपादचा हात चालायचा. दोनदा रुद्राणी माहेरी आली आणि दोनदा समजूत घालून तिला परत पाठवली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचा डावा कान वाजत होता. पुढं त्या कानानं ऐकू येणं बंदच झालं.

तिचे वडील म्हणाले होते, "लातूरला कोर्टात जाऊ. एकदाचं पक्कं करून टाकू."

शिवगंगाबाईंनी ते उडवून लावलं. "कोर्टात गेलं की पोरीचं नाव वकिलाच्या तोंडात. चार वर्षं तारखा. समोरचा वकील भर कोर्टात काय काय विचारतो ते ऐकलंय का कधी? आपल्यात काडीमोड हाय की. एका दिवसात पोरगी मोकळी."

आणि खरंच एका दिवसात झालं. किल्लारीच्या मठात पंच बसले. मठातल्या अय्यांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, कडब्याची एक काडी आणली. एक टोक गुरुपादच्या हातात, एक रुद्राणीच्या. 'मोडा' म्हटल्यावर दोघांनी मोडली आणि आपापला तुकडा पाठीमागं टाकला. स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी झाली, तिच्याखाली पाच पंचांनी सह्या केल्या. तिथून पुढं तो परका बाप्या आणि ही परकी बाई. परत येताना औशाच्या स्टँडवर रुद्राणीनं दोन कप चहा मागून घेतला. दोन वर्षांत लेकीनं काही मागून घेतलेलं शिवगंगाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. कोर्ट टाळलं ते बरंच केलं, असं त्यांना त्या दिवशी पक्कं वाटलं. तीन वर्षांनी नवरा वारला, तेव्हाही त्यांना त्याच गोष्टीचा आधार वाटला, की निदान पोरीचं निस्तरलं.

नवऱ्यामागं घरची पिठाची गिरणी रुद्राणीनं चालवायला घेतली. पट्टा बदलणं, गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी मारणं, सगळं स्वतः करायची. गिरणीच्या आवाजात सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागतं, त्यामुळं तिला एका कानानं ऐकू येत नाही हे गिऱ्हाइकांच्या लक्षातही यायचं नाही. आई तिकडं असली की ती एकटी. तिला अमेरिकेचं काही वाटत होतं का, हे शिवगंगाबाईंनी तिला नीट विचारलं नाही. आपल्या मागं ही एकटी राहील, म्हातारपणी कोण बघेल, भावाजवळ असावी, हा त्यांचा हिशेब. रुद्राणी फोनवर म्हणायची, "बघू, नंबर आल्यावर."

२०१२ सालच्या हिवाळ्यात देगलूरहून एक स्थळ आलं. सिद्रामप्पा नाव. एसटीच्या आगारात मेकॅनिक, बायको तापानं गेलेली, घरी सहा वर्षांची पोर. पहिल्यांदा मावशीला घेऊन आला तेव्हा चहा होईपर्यंत गिरणीचा आवाज ऐकत बसला आणि म्हणाला, "बेअरिंग गेलंय तुमचं." उठून बघितलं तर खरंच गेलं होतं. पुढल्या रविवारी तो बेअरिंग घेऊन एकटाच आला. त्याच्या पुढल्या रविवारी काही कारण नसताना आला. रुद्राणी त्याच्याशी बोलताना उजवा कान पुढं करायची, आणि दुसऱ्याच खेपेला त्यानं आपणहून बसायची बाजू बदलली.

शिवगंगाबाई तेव्हा उदगीरलाच होत्या. त्यांना सगळं दिसत होतं. त्यांना माणूस आवडलाही होता. पण त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "लगीन लागलं की फाईल मेली. तीन वर्षं झालीत टाकून. आणखी तीन-चार थांबा. एकदा हिचं कार्ड झालं की मग खुशाल करा."

"मंग मी कुठं ऱ्हाणार, मामी? देगलूरला का तिकडं?" सिद्रामप्पानं हसत विचारलं.

"तुला बी बोलावून घेईल ती."

"म्हंजे अजून पाच वर्षं."

तो वर्षभर थांबला. मग एक दिवस गिरणीच्या पायरीवर उभा राहून रुद्राणीला म्हणाला, "पोरगी सात वर्षांची झाली. तिला आई आत्ता पाहिजे. तू आत्ता हाव म्हण, मी उद्या येतो. न्हाई तर मला वाट बघायला सांगू नको." रुद्राणीनं आईकडं बघितलं. शिवगंगाबाई त्या वेळी जोंधळ्याचा डबा रिकामा करत होत्या, त्यांनी मान हलवली. नाही अशी. त्यानं मुखेडची बायको केली. लग्नाच्या दिवशी रुद्राणीनं गिरणी बंद ठेवली आणि दगड काढून दिवसभर टाकी मारत बसली. आठवड्यापूर्वीच मारलेल्या दगडाला.

त्याच्या पुढल्या पावसाळ्यात रुद्राणीला डेंग्यू झाला. रक्तातल्या पेशी इतक्या उतरल्या की तिला लातूरला नेऊन पंधरा दिवस ठेवावं लागलं. शिवगंगाबाईंची लाल गोलातली तारीख गेली, वर आणखी सात आठवडे गेले. शेवटी तिला भाकरी जायला लागल्यावर त्या निघाल्या. उदगीरहून जीपनं हैदराबाद, तिथून विमान, मधे दुबई, मग शिकागो. शिकागोच्या खिडकीतल्या माणसानं पासपोर्ट चाळला, पानं मागंपुढं केली आणि त्यांना आतल्या खोलीत पाठवलं. दोन तास बसवलं. मग एका अधिकाऱ्यानं फोनवर हिंदी दुभाष्या जोडून दिला.

"आप यहाँ रहती हैं, या यहाँ आती-जाती हैं?" फोनमधून प्रश्न आला.

शिवगंगाबाईंनी थोडा विचार केला आणि खरं सांगितलं. "दोन्ही."

अधिकाऱ्यानं एक फॉर्म पुढं सरकवला. दुभाष्यानं सांगितलं की यावर सही केली तर तुम्ही कार्ड आपल्या मर्जीनं परत दिलं असं होईल, मग तुम्ही पाहुणी म्हणून कधीही येऊ शकता, कटकट राहणार नाही. शिवगंगाबाईंना ते ऐकून एक क्षण हायसं वाटलं. किती सोपं. एक सही आणि पुन्हा हे विमान नको, ही खोली नको. पेन हातात घेतलं होतं त्यांनी.

"सही करनी ही पड़ती है?"

दुभाष्या म्हणाला, "नहीं. आपकी मर्ज़ी है."

"मंग लेकीला विचारल्याबिगर करत न्हाई," त्या मराठीत म्हणाल्या आणि पेन टेबलावर ठेवलं. दुभाष्यानं त्याचं काय इंग्रजी केलं कोण जाणे. अधिकारी खांदे उडवून शिक्का मारताना म्हणाला, की पुढल्या वेळी असं चालणार नाही. त्यानंतर त्या एकदाही चुकल्या नाहीत. चौदा साली देवणीला सख्खा भाऊ वारला तेव्हा त्या कोलंबसला होत्या. त्या वर्षीची इकडची साडेपाच महिन्यांची शिल्लक आधीच वापरून झाली होती. भीमाशंकर म्हणाला, "अव्वा, जायचं का? बघ." त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि नाही म्हणाल्या. भावाला समाधी दिली ती त्यांनी मोबाईलवर पाहिली, तीही निम्मी, कारण मग देवणीच्या फोनची बॅटरी संपली.

२०१५ संपता संपता पत्र आलं. रुद्राणीचा नंबर जवळ आला होता, कागद जमवायचे होते.

त्या वर्षी मांजऱ्याचं धरण कोरडं पडलं होतं. उदगीरच्या नळाला महिना महिना पाणी नव्हतं. रुद्राणी टँकरच्या रांगेत घागरी लावायची, गिरणीला कुलूप घालून नगरपालिकेत जायची, परत येऊन घागरींची जागा हललेली बघायची. आणि कागदांत एक भानगड निघाली. तिच्या जन्माच्या दाखल्यावर 'उदगीर, जिल्हा उस्मानाबाद' होतं आणि पासपोर्टवर 'उदगीर, लातूर'. ती जन्मली तेव्हा लातूर जिल्हाच झाला नव्हता, तो दोन वर्षांनी झाला. भीमाशंकर फोनवरून ओरडला, की जन्मगाव दोन जिल्ह्यांत दाखवलं तर तिकडं शंका घेतात.

नगरपालिकेतला बाबू हसून हसून बेजार झाला. "बाई, तुमच्यापेक्षा जिल्हाच बारका निघाला की. आता मी काय करू?"

"दोन्ही एकच गाव हाय म्हणून लिहून द्या की, साहेब," रुद्राणी म्हणाली.

"देतो. पण थांबा जरा. सव्वीस जानेवारीला उदगीरच जिल्हा होऊन राहिलाय म्हणतेत. मंग तिसरा दाखला काढावा लागंल. एकदमच या."

बाजारात तेव्हा खरंच तशी हवा होती. दुकानदारांनी फटाके आणून ठेवले होते. सव्वीस जानेवारी आली आणि गेली, घोषणा झाली नाही, फटाके परत दुकानात गेले. शिवगंगाबाई त्याच महिन्यात आल्या. त्यांनी आणि रुद्राणीनं तीन महिने घालून शपथपत्र, राजपत्राची नक्कल, शाळेचा निर्गम उतारा, सगळं जमवलं. सोडचिठ्ठीचा कागद तेवढा आयता होता. त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घेतला. भाषांतर करणाऱ्यानं वर 'डिव्होर्स डीड' असं ठळक अक्षरात लिहिलं. त्या कागदाकडं पुन्हा कुणी बघितलं नाही.

एप्रिलमध्ये मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत होती. आत फक्त रुद्राणीला सोडलं. शिवगंगाबाई बाहेर रस्त्याच्या कडेला, एका बंद टपरीच्या सावलीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. अडीच तासांनी रुद्राणी आली. तिच्या हातात पासपोर्ट होता. तो ठेवून घेतात, हे शिवगंगाबाईंना भीमाशंकरनं सांगितलेलं होतं. व्हिसा मिळाला तर पासपोर्ट आत राहतो.

"जिल्ह्याचं विचारलं का?"

"न्हाई. जिल्ह्याचं बघितलं बी न्हाई त्यानं." रुद्राणी शेजारी बसली, उजवा कान आईकडं करून. "कोर्टाचा हुकूम मागितला. म्हणलं, आमच्यात पंच देतात. तर म्हणे, पंच म्हणजे कोर्ट हाय का? म्हणलं न्हाई. तर म्हणे, मग तुम्ही लग्न झालेल्याच आहात."

"असं कसं म्हणतो? काडी मोडलीय. स्टॅम्पवर हाय."

"स्टॅम्प बघितला त्यानं. चांगलं बोलला, अव्वा. वाईट न्हाई बोलला." तिनं एक चिठ्ठी पुढं केली. तीवर इंग्रजीत लिहिलं होतं, की वर्षाच्या आत न्यायालयाचा दस्त आणा, नाही तर अर्ज बंद होईल.

लातूरच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. निम्मी वाट सरली. मग रुद्राणी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हंजे चौदा वर्षं मी गुरुपादचीच बायको हाय." आणि हसली. ते हसणं शिवगंगाबाईंना सहन झालं नाही, त्या उठून दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

लातुरात रेल्वेनं पाणी येऊन राहिलं होतं. ते बघायला लोक स्टेशनात गर्दी करत होते. साहेबराव वकिलांच्या ऑफिसात मात्र पिण्याचा माठ उपडा घातलेला होता. वकिलांनी सोडचिठ्ठी दोनदा वाचली.

"हे बघा, मावशी. रिवाजानं झालेली काडीमोड कायद्याला मान्य असू शकते. पण रिवाज होता हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि कोर्टानं तसं लिहून द्यावं लागतं. म्हणजे दोन हजार दोनलाच ही सुटली होती, असं. पंच हयात आहेत?"

"दोघं हायत. एकाला लकवा झालाय."

"मग सगळा भार त्या माणसावर. गुरुपादनं उभं राहून सांगितलं, की होय, आमच्यात असंच होतं आणि माझ्या मर्जीनं झालं, तर वर्षात हुकूम निघायची आशा आहे. तो आला नाही तर सात-आठ वर्षं धरा."

"आणि आता नव्यानं घटस्फोट घेतला तर?"

"तर अर्ज टाकला त्या दिवशी ही विवाहित होती असंच ठरतं. म्हणजे तो अर्ज मुळातच खोटा. नव्यानं टाका, नव्यानं सात वर्षं मोजा." वकिलांनी चष्मा काढला. "त्यानं दुसरं लग्न केलंय ना? सरकारी नोकरीत आहे ना? मग तुमच्या हातात दोरी आहे. त्याला एवढंच सांगा, की तू नाही आलास तर पहिली बायको जिवंत असताना दुसरी केली म्हणून तुझ्या ऑफिसात अर्ज देतो. पळत येईल."

हे रुद्राणीनंही ऐकलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तू जा. मी त्या घरात पाय ठेवत न्हाई. पण हे सांग त्याला. जसं वकील बोलले तसंच सांग."

"सांगते."

किल्लारीला शिवगंगाबाई जीपनं एकट्या गेल्या. रांगेतलं घर तेच होतं, पुढं पत्र्याचा सोपा वाढवला होता. गुरुपाद जाडा झाला होता, केस पांढरे. त्यानं वाकून पाया पडल्यासारखं केलं. त्याची बायको बसम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्यात पाणी तळाला होतं. तिनं तेच दिलं आणि दारात उभी राहिली. आत दोन मुलगे जमिनीवर वह्या पसरून बसले होते.

शिवगंगाबाईंनी सगळं सांगितलं. गुरुपादनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मामी, तुम्हीच म्हणला होतात कोर्ट नको. माझे बाप कोर्टात जायला तयार होते."

"म्हणले होते. चुकले मी. आता येऊन नुसतं खरं काय ते सांग."

"आणि कोर्टानं रिवाज मानला न्हाई तर?"

त्यांनी तांब्या हातात घेतला.

बसम्मा दारातून म्हणाली, "मी इचारते, अक्का. कोर्ट म्हणलं की काडी मोडली ती काय खरी न्हाई, तर मंग मी कोण? रुद्राणीबाई बायको म्हणल्यावर मी कोण हाय ह्या घरात? ह्या दोघांना उद्या शाळेत काय म्हणतील?"

"तू गप," गुरुपाद म्हणाला.

"गप कशाला? त्यांच्या लेकीला अमेरिकेला जायचंय. मला कुठं जायचंय? मला इथंच ऱ्हायचंय."

वकिलांनी दिलेलं वाक्य शिवगंगाबाईंच्या तोंडाशी आलेलं होतं. जीपमध्ये त्यांनी ते चार वेळा मनातल्या मनात म्हणून पाहिलं होतं. समोर हा माणूस, यानं आपल्या लेकीचा कान घालवला, त्याच्याबद्दल त्यांच्या मनात तिळभर दया नव्हती. पण दारातल्या बाईनं हात जोडले नव्हते की आवाज चढवला नव्हता. ती फक्त उत्तराची वाट बघत उभी होती. आतला थोरला मुलगा वहीतून मान वर करून बघत होता.

शिवगंगाबाईंनी तांब्यातलं पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि उठल्या. "जाते," म्हणाल्या.

गुरुपाद जीपपर्यंत पोचवायला आला. "रुद्राणी बरी हाय का?" त्यानं विचारलं. त्या जीपमध्ये चढून बसल्या.

उदगीरला पोचल्या तेव्हा दुपार होती. गिरणी चालू होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. रुद्राणीनं आईला बघून मोटार बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला.

"आला का तयार?"

"न्हाई."

"नोकरीचं सांगितलंस?"

शिवगंगाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "न्हाई सांगितलं."

"का?"

"तिची दोन लेकरं हायत, रुद्रा. शाळंत जाणारी. ती इचारायला लागली, मी कोण म्हणून. मला पुढं बोलवंना."

 हातातल्या फडक्यानं रुद्राणी गिरणीच्या तोंडावरचं पीठ पुसत राहिली, जे पुसलेलंच होतं.

"सिद्रामप्पाची पोरगी बी शाळंत जाणारी होती," ती म्हणाली. "तवा तुला मान हलवता आली."

"ते मी तुझ्यासाठीच—"

"समदं माझ्यासाठीच. कोर्ट नको, माझ्यासाठी. थांब, माझ्यासाठी. विमानात बसून गेलीस, आलीस, माझ्यासाठी. आणि आज एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं दुसऱ्या बाईसाठी ठेवलंस."

शिवगंगाबाई पायरीवर बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता मी जात न्हाई तिकडं. कार्ड गेलं तर जाऊ दे. इथंच ऱ्हाते तुझ्याजवळ. त्यासाठीच तर समदं चाललं होतं, दोघी एका जागी असाव्यात म्हणून."

त्यांना वाटलं होतं, यावर रुद्राणी रडेल, किंवा निदान राग तरी उतरेल. रुद्राणीनं फडकं झटकलं.

"न्हाई. तू जा, अव्वा."

"कशाला? फाईल तर मेली."

"फाईलसाठी न्हाई. तुझं कार्ड हाय, भीमाशंकरअण्णा हाय, तुझी खोली हाय तिकडं. तू जा." ती आईकडं बघत नव्हती. "तू इथं हायस की मला रोज हिशेब करावा वाटतो. सकाळी भाकरी वाढताना बी. मला नको वाटतंय ते. तू न्हाईस तवा मी बरी असते. सात वर्षांत सवय झालीय मला."

"हाकलून देतीस?"

"तारीख कधीची हाय तुझी?"

शिवगंगाबाईंनी सांगितली. जुलैची होती.

"अण्णाला सांग, मेमधलं तिकीट काढ म्हणून."

त्या रात्री जेवताना रुद्राणीनं नेहमीसारखंच वाढलं. तिखट हवं का विचारलं. पाण्याचा तांब्या आईच्या हाताजवळ सरकवून ठेवला. पुन्हा तो विषय दोघींपैकी कुणीही काढला नाही. भीमाशंकरनं फोनवर विचारलं, "अव्वा, इतक्या लवकर? काय झालं?" तर शिवगंगाबाई म्हणाल्या, "इथं पाणी न्हाई रे. लई हाल हायत." त्याला ते लगेच पटलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात जीप दारात आली. बॅगा तुळजाबाईच्या नवऱ्यानं चढवल्या. रुद्राणीनं विभूतीची डबी, गोळ्या, पासपोर्ट आणि कार्ड एका पिशवीत घालून पिशवी आईच्या गळ्यात अडकवली, चेन ओढून बघितली. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला टँकरचा हॉर्न वाजला. अकरा दिवसांनी आला होता. बायका घागरी घेऊन धावायला लागल्या.

"जा बाई, मी बघते ह्यांना," तुळजाबाई म्हणाली, "तुझ्या घागरी मागं ऱ्हातील."

रुद्राणीनं दोन घागरी उचलल्या. "पोचल्यावर फोन कर," ती म्हणाली आणि गेली. शिवगंगाबाई जीपमध्ये बसल्या. ड्रायव्हर घाई करत होता, रस्ता टँकरनं अडायच्या आत निघायला हवं होतं. जीप टँकरला वळसा घालून गेली तेव्हा त्यांनी खिडकीतून बघितलं. रांगेत रुद्राणी पाठमोरी होती. त्यांनी हाक मारली, दोनदा. पण रुद्राणीचा डावा कान या बाजूला होता.